थोरलीच्या तोंडचं

मेलेल्या माणसाला मनमिळाऊ म्हणायला धाकटीला कधीच जड गेलं नव्हतं. तिचं कामच ते. चौकातल्या फोटो स्टुडिओच्या मागच्या खोलीत बसून ती गेलेल्या माणसांच्या आठवणींच्या फिल्म बनवायची. घरचे लोक जुने फोटो बुटांच्या खोक्यात भरून आणायचे. धाकटी एकेक फोटो स्कॅनरच्या काचेवर पालथा घालायची, डाग पुसायची, फ्लॅशमुळे लाल झालेले डोळे काळे करायची आणि मग संगणकाच्या पडद्यावर तीन पट्ट्या मांडायची. वरच्या पट्टीत चित्रं, मधल्या पट्टीत अक्षरं, खालच्या पट्टीत आवाज. मजकूर तिचाच आणि आवाजही तिचाच. फिल्म बोलून झाली, की मध्ये घेतलेले श्वास ती कात्री लावून काढून टाकायची. गिऱ्हाइकांना श्वास आवडत नाहीत. मेलेल्याच्या गोष्टीत जिवंत माणसानं धापा टाकत बसावं, हे बरं दिसत नाही.

"तुझ्या फिल्ममध्ये यायचं तर मरायलाच हवं," स्टुडिओवाले काका म्हणायचे. "जिवंतपणी आपल्याबद्दल इतकं चांगलं कोण बोलतंय!"

आता थोरली गेली होती. धाकटीची सख्खी बहीण. आणि रविवारी तिची आठवणसभा ठेवलेली होती.

धाकटीनं नेहमीसारखं काम सुरू केलं. फोटो पुसले, डोळे काळे केले. मधल्या पट्टीत लिहिलं: 'हसतमुख, मनमिळाऊ, सर्वांना हवीहवीशी.' लिहून वाचलं. थोरली आणि मनमिळाऊ! बस डेपोच्या तिकीट-खिडकीत बसून जिनं निम्म्या गावाला रांगेत उभं राहायला शिकवलं, जिचा आवाज काचेच्या भोकातून आला की धडधाकट पुरुष दोन पावलं मागे सरायचे, ती मनमिळाऊ? धाकटीला हसू यायला हवं होतं, नाहीतर रडू तरी. दोन्हीतलं काही आलं नाही. दाताच्या डॉक्टरनं सुई दिल्यावर गाल कसा होतो, तसं झालं होतं तिचं. आपलाच गाल आपण चावावा आणि दुसऱ्याच कुणाचा तरी चावतोय असं वाटावं.

तिनं ते वाक्य खोडलं. दुसरं सुचेना. मग तेच परत लिहिलं.

दोघी बहिणींचा आवाज एकच होता. सारखा नव्हे, एकच. भावोजी लग्नाआधी फोन करायचे तेव्हाची गोष्ट घरात अजून सांगतात. एकदा त्यांनी धाकटीलाच थोरली समजून किती वेळ गोड गोड बोलून घेतलं, आणि धाकटीही पठ्ठी, मध्ये मध्ये नुसतं "हं" म्हणत राहिली. शेवटी भावोजींनी विचारलं, "मग होकार समजू ना?" तेव्हा कुठे धाकटी म्हणाली, "थांबा, विचारून येते." भावोजी पुढे लवकर गेले. मग धाकटीनं आपलं बिऱ्हाड उचललं आणि थोरलीच्या दोन खोल्यांत येऊन राहिली. तिचं लग्न झालंच नव्हतं. का झालं नाही, हे कुणी विचारलं की थोरलीच उत्तर द्यायची. धाकटीला कधी द्यावं लागलं नाही.

थोरलीची मुलगी एकुलती एक. लहानपणी एका जागी बसायची नाही म्हणून तिला भिंगरी म्हणत, ते नाव चिकटलं ते चिकटलंच. मोठी झाल्यावर ती दूरच्या शहरात लिफ्ट दुरुस्त करायचं काम शिकायला गेली. थोरलीला मुलगी बँकेत हवी होती, टेबलाच्या मागे, पंख्याखाली. "अंधाऱ्या बोळात लोंबकळायला जन्माला घातलं का तुला?" असं म्हणाली आणि भिंगरी निघाली त्या दिवशी आतल्या खोलीत कपड्यांना इस्त्री करत बसली. दाराशी आली नाही. इस्त्रीचा वास जिन्यापर्यंत येत होता.

भिंगरी शुक्रवारी आली ती थेट स्टुडिओत. पाठीवर पिशवी, हातांना काळं ग्रीस, नखात अजून तसंच.

"आधी घरी जायचंस ना गं," धाकटी म्हणाली.

"घरी काय करू? तिथे आई नाही." ती गिऱ्हाइकांच्या स्टुलावर बसली. पडद्याकडे बघत तिनं मोठ्यानं वाचलं, "'हसतमुख, मनमिळाऊ'... मावशी, ही कोण बाई?"

"नेहमीचं लिहिलंय. बदलीन."

"आईनं हे वाचलं असतं ना, तर तुला रांगेच्या शेवटी पाठवलं असतं."

दोघी हसल्यासारख्या झाल्या. काका चहा घेऊन आले, भिंगरीच्या डोक्यावर हात ठेवला, आणि म्हणाले, "आमच्या बिल्डिंगची लिफ्ट दुसऱ्या मजल्यावर अडकते बघ."

"दाराचा सेन्सर पुसा, काका. धूळ असते."

"पुसतो," काका म्हणाले आणि बाहेर निघून गेले.

भिंगरीनं खिशातून फोन काढला. काच तडकलेली होती. "मावशी, फिल्ममध्ये आईचा आवाज घालायचा. तुझा नको. म्हणजे तुझा चांगलाच आहे गं, पण सगळ्या गावाच्या मयताला तूच असतेस."

"घालू की. कुठला आवाज?"

"तिनं हॉस्पिटलमधून पाठवलेल्या व्हॉइस नोट आहेत ना. शेवटची घाल. ती एकच घाल."

तिनं बटण दाबलं. खोलीत थोरलीचा आवाज आला:

'भिंगरे. तू निघालीस त्या दिवशी मी दाराशी आले नाही. यायला हवं होतं. इस्त्री काय, नंतरही झाली असती. चुकलंच माझं. तू चढ वर, जितकं चढायचंय तितकं. मी आहे खाली.'

"आयुष्यात पहिल्यांदा चुकलं म्हणाली," भिंगरी म्हणाली. "मी तेव्हा लिफ्टच्या टपावर होते, शाफ्टमध्ये. तिथेच बसून ऐकली. अजून रोज सकाळी ऐकते, मगच हेल्मेट घालते. येडी झालेय म्हण."

 धाकटीनं नोट संगणकात घेतली आणि खालच्या पट्टीत टाकली. पडद्यावर आवाजाचे उंचवटे उमटले. प्रत्येक वाक्याच्या आधी एक छोटासा फुगवटा होता. श्वासाचा. तो धाकटीच्या ओळखीचा होता. रोज ती तोच कापत आली होती.

"लावते," ती म्हणाली. "तू आता घरी जा, अंघोळ कर. भात झाकून ठेवलाय."

भिंगरी गेल्यावर धाकटी बराच वेळ त्या फुगवट्यांकडे बघत बसली.

झालं होतं ते असं. थोरलीच्या घशाचं ऑपरेशन झालं आणि तिचा आवाज गेला. आठवडाभर, म्हणाले होते डॉक्टर; मग म्हणाले, बघू. भिंगरीची शेवटची परीक्षा तोंडावर होती. थोरलीनं फोनवर मोठ्या अक्षरांत लिहून दाखवलं: 'तिला सांगायचं नाही. आली तर परीक्षा बुडेल.' व्हिडिओ कॉल थोरलीला आधीपासून आवडत नव्हताच, त्यामुळे संशय यायचं कारण नव्हतं. मग ठरलं की थोरली लिहील आणि धाकटी बोलेल, थोरलीच्याच फोनवर. घरात आवाज दोन माणसांना पुरेल इतका होता, तो असा कामाला आला.

थोरली लिहायची, 'जेवलीस का? सेफ्टी बेल्ट लावतेस ना?' धाकटी बोलायची. धाकटीनं पदरचा एखादा शब्द घातला, नुसतं "बाळा" म्हटलं तरी थोरली पलंगाशेजारच्या स्टीलच्या टेबलावर चमच्यानं ठणठण करायची. मग डोळे वटारून लिहायची, 'माझं बोल. तुझं घालू नकोस.' आवाज नव्हता तरी बाईचा दरारा तसाच. नर्सही त्या ठणठण आवाजाला घाबरायची. धाकटी मुकाट्यानं नोट पुसून नवी करायची. तिला त्याचं वाईट वाटत नव्हतं. आयुष्यभर ती दुसऱ्यांचंच बोलत आली होती. आता निदान जिचं बोलायचं ती समोर होती.

शेवटच्या आठवड्यात थोरलीच्या हातात फोन टिकेना. बोटं अक्षरांवरून घसरायची. एका दुपारी भिंगरीची नोट आली: 'आई, मी पास झाले. बोल ना काहीतरी.' थोरली डोळे मिटून पडली होती. धाकटीनं विचारलं, "ताई, काय सांगू?" थोरलीनं काही लिहिलं नाही. धाकटीनं बटण दाबलं, श्वास घेतला, आणि बोलली. दाराशी यायला हवं होतं, इस्त्री नंतरही झाली असती, चुकलं, चढ वर. कुठून आलं कोण जाणे. कुणीही लिहून दिलेलं नव्हतं. तिच्या तोंडून निघालेलं असं वाक्य, ज्याच्या मागे गिऱ्हाईक नव्हतं की थोरली नव्हती, बहुधा ते पहिलंच. आणि तेही तिनं थोरलीच्या नावावर खपवलं.

शनिवारी सकाळी ती स्टुडिओत आली. फिल्ममध्ये नोटच्या जागी वर थोरलीचा डेपोतला फोटो होता: काचेमागे बसलेली, ओठ घट्ट मिटलेले. त्या मिटलेल्या ओठांतून 'चुकलंच माझं' ऐकू यायचं. धाकटीनं ते चार वेळा लावून पाहिलं. मग काकांना सांगितलं. सगळंच सांगितलं, आणि सांगताना आवाज फिल्ममध्ये असतो तसाच सपाट होता.

काका चष्मा पुसत राहिले. "असू दे तसंच," ते म्हणाले. "आपण लाल डोळे काळे करतो ते काय खरे असतात? पोर ती नोट ऐकून कामावर चढते. तिच्या पायाखालची फळी काढून तुला काय मिळणार?"

"मला काही मिळायचं नाही."

"मग?"

"ताईनं आयुष्यात कुणाची माफी मागितली नाही, काका. बापाची नाही, नवऱ्याची नाही. ती तशीच होती. आता मेल्यावर मी तिला मागायला लावली. गावासमोर लावायची ती नोट. बघा ना, ताईला मी मनमिळाऊ करून टाकलं."

"बायका अवघड असतात," काका म्हणाले. "तुम्ही दोघी तर फारच." आणि थोड्या वेळानं, बाहेरच्या काउंटरवरून, "सांगणार असशील तर सभेच्या आधी सांग. मागून कळलेलं फार लागतं."

धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशातली गत. न सांगावं तर उद्या सगळ्यांसमोर थोरली खोटी पडणार, आणि धाकटी कुठेच उरणार नाही. नोटमधली तेवढी वाक्यं तिची स्वतःची, तीही गेली. सांगावं तर भिंगरीची आई दुसऱ्यांदा मरणार. धाकटी मनात चाचपडून बघत होती की भीती वाटते का. वाटत नव्हती. पाय तेवढे गार पडले होते.

दुपारी भिंगरी आली. केस ओले, अंगात थोरलीचा राखाडी स्वेटर.

"दाखव."

"आधी बस."

"बसले."

"ती नोट ताईची नाही," धाकटी म्हणाली. "ताईचा आवाज गेला होता. ऑपरेशननंतर आलाच नाही. सगळ्या नोट मी बोललेय. ती लिहायची, मी बोलायचे. मी पदरचं काही घातलं की चमचा वाजवायची."

 भिंगरीनं स्वेटरची बाही ओढून हात आत घेतला. "सगळ्या?"

"सगळ्या."

"म्हणजे शब्द आईचे. आवाज तुझा."

इथे थांबता आलं असतं. वाट भिंगरीनंच काढून दिली होती, सोपी, उताराची. धाकटीनं ती बघितली.

"बाकीच्यांत हो. शेवटच्या नोटमध्ये शब्दही माझे."

बाहेर काकांनी कुणाचा तरी पासपोर्टचा फोटो काढला. "मान सरळ. हसू नका," ते म्हणाले. फ्लॅश पडला.

"मी तुला आई समजून उत्तर दिलं," भिंगरी म्हणाली. "मी लिहिलं, आई, मलाही मागे वळून बघायला हवं होतं. ते कुणी वाचलं?"

"मी. ताईला वाचून दाखवलं. ती शुद्धीत होती की नाही, माहीत नाही."

"आणि तू बोललीस तेव्हा? ते 'चुकलं माझं' तेव्हा? आई ऐकत होती?"

"डोळे मिटलेले होते."

"ती चमचा वाजवायची म्हणालीस ना. तेव्हा वाजवला?"

"नाही."

"झोपली होती म्हणून, की पटलं म्हणून?"

"भिंगरे, मला खरंच माहीत नाही. माहीत असतं तर सांगितलं असतं. आता तुला काय वाटतं ते तू—"

"मला काय वाटायचं ते नको सांगूस!" भिंगरी ओरडली. तो आवाज थेट डेपोच्या खिडकीतून आल्यासारखा होता. बाहेर पासपोर्टवाल्याची मान वाकडी झाली असणार. "इतकी वर्षं गप्प बसलीस. कधी आईची बाजू, कधी माझी बाजू, तुझी म्हणून एक बाजू नाही. आणि बोललीस कधी, तर आई बनून! स्वतःचं तोंड नाही का तुला?"

धाकटी म्हणाली, "नव्हतं बहुतेक."

भिंगरी उठली. दाराशी गेली, परत आली, पिशवी उचलली. "ती नोट लावू नकोस उद्या. आणि ते मनमिळाऊ काढ. जे होतं ते लिही. जमेल?"

"बघते."

ती गेली. धाकटी खुर्चीत बसून राहिली. गाल अजून बधिरच होता. मग तिनं खालच्या पट्टीतून नोट काढली, मधल्या पट्टीतली अक्षरं पुसली, आणि रिकाम्या जागी लिहिलं: 'थोरली मनमिळाऊ नव्हती.' हे लिहिल्यावर पुढचं आलं. ती आली की घड्याळं वेळेवर चालत. ती घरात कुणाला उपाशी झोपू द्यायची नाही आणि कुणाला उशिरा उठूही द्यायची नाही. तिला मुलीची फार काळजी वाटे आणि ती काळजी तिला नीट बोलता येत नसे. ती माझ्या वतीनं बोलायची, तेव्हा मला राग यायचा आणि सोयीचंही पडायचं. 'माझ्या' हा शब्द लिहून धाकटी थांबली. कुठल्याच फिल्ममध्ये तिनं तो लिहिला नव्हता. काकांनी मागून वाचलं. "हे गिऱ्हाइकाला चालणार नाही," ते म्हणाले. मग म्हणाले, "पण गिऱ्हाईक तूच आहेस नाही का," आणि निघून गेले.

रविवारी फिल्म लागली. डेपोतली माणसं रांगेबद्दलच्या वाक्यांना हसली, नंतर एकदोघं डोळे पुसताना दिसली. भिंगरी शेवटच्या ओळीत होती. सभा संपल्यावर तिनं खुर्च्या उचलायला मदत केली, सगळ्यांशी बोलली, धाकटीशी नाही. संध्याकाळच्या गाडीनं गेली. धाकटीनं घरी येऊन भांडी घासली.

पुढे बरेच दिवस काही नाही. स्टुडिओत दोन फिल्म झाल्या, एका आजोबांची, एका शाळामास्तरांची. मास्तरांच्या मुलाला धाकटीनं विचारलं, "ते खरंच मनमिळाऊ होते का?" तो गडबडला. "नाही तसे," म्हणाला. "पण लिहा."

मग एका दुपारी फोन वाजला. भिंगरी.

"हॅलो," धाकटी म्हणाली.

 पलीकडे कुठेतरी लोखंडावर लोखंड आपटत होतं आणि वारा पाइपातून जावा तसा घुमत होता.

"भिंगरे? वर आहेस का?"

"टपावर बसलेय. जेवायची सुट्टी आहे." मग, "आज सकाळी ती नोट ऐकली. मग बंद केली. मग परत ऐकली. आता मला कळतच नाही कोण बोलतंय ते."

"पुसून टाक."

"पुसणार नाही. तू नको सांगूस." परत ते आपटणं. "तू बोल काहीतरी."

"काय बोलू?"

"काहीही. आईचं नको. फिल्मवालं नको. 'बाळा, जेवलीस का' अजिबात नको."

धाकटीनं खोलीकडे बघितलं. खोके, स्कॅनर, काकांनी टेपनं चिकटवलेली वायर. बोलण्यासारखं त्यात काही नव्हतं. फोन कानाला धरून ती उभीच राहिली, आणि भिंगरीनं ठेवला नाही.

"काल मी चपला घ्यायला गेले," धाकटी शेवटी म्हणाली. "माझ्यासाठी. दुकानदारानं विचारलं, कुठला रंग. मला सांगताच येईना. नेहमी ताईच सांगायची. मी तिथे उभी, तो उभा. मग मी म्हटलं, हिरव्या. हिरवा मला आवडत नाही. का म्हटलं कोण जाणे."

"घेतल्यास?"

"घेतल्या. टाचेला लागतात."

शाफ्टमध्ये कुणीतरी खालून भिंगरीला हाक मारली. ती "आले" म्हणून ओरडली, पण फोन तसाच चालू होता.

"मग?" ती म्हणाली.